केसांचा मान



गेल्या शाबान महिन्यातील गोष्ट आहे. एका शुक्रवारी असरच्या नमाजनंतर मशिदीच्या ओसरीबाहेर एक आई आपल्या मुलीला घेऊन उभी होती. दुसऱ्या दिवशी त्या मुलीचा निकाह होता आणि तो मलाच पढवायचा होता. मला वाटले, मेहर किंवा साक्षीदारांविषयी काही विचारायचे असेल. प्रश्न निराळाच निघाला. मुलीचे केस मुळात कुरळे आणि दाट. त्याच सकाळी शहरातील एका पार्लरमध्ये सात हजार रुपये मोजून ते सरळ करून घेतले होते, आणि तेथील बाईंनी बजावले होते की तीन दिवस केसांना पाणी लागता कामा नये, नाही तर सारे फुकट जाईल. आई म्हणाली, "मौलाना, वुजूचं काय करायचं? आणि निकाह झाल्यावर..." एवढे बोलून ती थांबली. गुस्लविषयी विचारायचे होते आणि शब्द ओठांवर येत नव्हते.

मी मसअला सांगितला. तो पुढे येईलच. आई वळली, तेव्हा इतका वेळ मान खाली घालून उभी असलेली मुलगी हळूच म्हणाली, "मौलाना, एक विचारू? अल्लाहने मला असे केस का दिले?"

मला निकाहच्या रजिस्टरचे काम उरकायचे होते. मी म्हणालो, "बेटी, सब्र कर. ही आजमाइश आहे." ती "जी" म्हणाली आणि आईच्या मागोमाग निघून गेली.

रात्री जेवताना मी हा प्रसंग घरी सांगितला. माझ्या पत्नीचे केस कुरळे आहेत, आणि आमच्या सात वर्षांच्या मुलीने ते आईकडून घेतले आहेत. (हे मी पत्नीच्या परवानगीने लिहितो.) तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "म्हणजे आपल्या घरात दोन आजमाइशी आहेत तर?"

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. आजारपण ही आजमाइश आहे, कर्ज आहे, लेकराचा मृत्यू आहे. केसांना असलेले वळण मी या संकटांच्या रांगेत कोणत्या आधारावर बसविले? कुरआनात तसे नाही, हदीसमध्ये नाही, फिक्हच्या कोणत्याही किताबात मी ते वाचलेले नाही. ते मी गावच्या बोलण्यातून उचलले होते आणि वर दीनची टोपी चढविली होती. मिंबरवर उभा राहणारा माणूस असे करतो तेव्हा त्याची चूक त्याच्यापुरती राहत नाही. म्हणून त्या मुलीला द्यायचे राहून गेलेले उत्तर येथे लिहितो आहे.

प्रेषित (स.) यांच्या शिकवणीत केसांविषयी जो मूळ आदेश आहे तो हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून अबू दाऊदच्या संग्रहात आला आहे. त्याचा आशय असा की ज्याला केस आहेत त्याने त्यांचा मान राखावा. हा आदेश सरळ केसांपुरता नाही. ज्याला जसे मिळाले त्याने तसे सांभाळावे. मुवत्तामध्ये प्रसंग आहे की एक माणूस विस्कटलेल्या केसा-दाढीने मशिदीत आला, तेव्हा प्रेषित (स.) यांनी त्याला हातानेच खूण केली की बाहेर जा आणि नीट होऊन ये. तो केस सारखे करून परतला तेव्हा प्रेषित (स.) यांनी ते पसंत केले. दुसऱ्या बाजूने, रोज रोज केस विंचरत बसण्यास मनाई करणारी हदीसही आहे. एक दिवसाआड करावे असे तीत म्हटले आहे. आपल्याकडे प्रत्येक हदीसमध्ये आधुनिक शास्त्र शोधण्याची हौस फार. मला ती नाही. ही मनाई नटण्याच्या नादाला आहे, वेळ आणि मन त्यातच गुंतून पडू नये म्हणून आहे. केस नीट ठेवायचे, पण आयुष्य त्यांच्याभोवती गुंडाळायचे नाही. या दोन टोकांमध्ये आपल्याला चालायचे आहे.

आणि स्वतः प्रेषित (स.) यांचे केस कसे होते? हजरत अनस (रजि.) यांनी दहा वर्षे त्यांची सेवा केली. ते सांगतात की केस फार आवळून कुरळे नव्हते आणि अगदी सरळही नव्हते. कान आणि खांदे यांच्या दरम्यान रुळत. म्हणजे त्यांना वळण होते. ज्यांच्या प्रत्येक सवयीवर आपण जीव ओवाळतो त्यांच्या मस्तकावरील केसांना वळण होते, ही गोष्ट आपण मुलींना कधी सांगितली आहे काय? हजरत आयशा (रजि.) यांची आठवण तर सर्वांना ठाऊक असावी. प्रेषित (स.) एतिकाफमध्ये असताना मशिदीतूनच मस्तक त्यांच्या हुजऱ्याकडे झुकवीत आणि त्या ते विंचरून देत; त्या दिवसांत त्यांना मासिक पाळी असली तरीही. एतिकाफसारख्या इबादतीतही केस विंचरणे थांबले नाही, आणि पाळीतील पत्नीच्या हाताला विटाळ मानला गेला नाही.

आता तो मसअला. वुजूची चिंता मुळीच नको. वुजूमध्ये डोके धुवायचे नसते, ओला हात फिरवायचा असतो. शाफई मतानुसार डोक्याच्या हद्दीतील थोड्याशा भागावर, अगदी काही केसांवर ओलसर हात फिरला तरी फर्ज अदा होते. हनफी मतानुसार एक चतुर्थांश डोक्याचा मस्ह आवश्यक आहे. एवढ्या ओलाव्याची पार्लरने धास्ती घ्यायची असेल तर ती त्यांनी घ्यावी. (मी स्वतः हनफी मदरशात शिकलो. कोकणात इमामत करू लागल्यावर शाफई फिक्ह मला पुन्हा पायापासून शिकावी लागली, आणि ती मला मुसल्ल्यावर उभ्या असणाऱ्या वयोवृद्ध मंडळींनीही बरीच शिकविली.)

गुस्लची गोष्ट वेगळी आहे. गुस्ल फर्ज झाला तर सर्व शरीरावर आणि केसांवर पाणी पोचलेच पाहिजे. हजरत उम्मे सलमा (रजि.) यांनी विचारले होते की मी वेणी घट्ट घालते, ती गुस्लसाठी सोडावी काय? प्रेषित (स.) यांनी नाही म्हणून सांगितले, डोक्यावर तीन ओंजळी पाणी ओतणे पुरेसे आहे. याच विषयात हजरत आयशा (रजि.) यांचा एक उद्गार सहीह मुस्लिममध्ये नोंदला आहे. एक सहाबी स्त्रियांना गुस्लच्या वेळी वेण्या सोडायला सांगतात हे कानावर आले, तेव्हा त्यांनी आश्चर्याने विचारले की मग सरळ डोकी भादरायलाच का सांगत नाहीत! यावरून हनफी इमाम म्हणतात की वेणी घातलेली असेल आणि मुळांपर्यंत पाणी पोचत असेल तर वेणी सोडण्याची गरज नाही. शाफई मतानुसार वेणीच्या आत पाणी शिरत नसेल तर ती सोडावी. पण केस मोकळे असतील तर दोन्ही मतांनुसार ते सगळे भिजले पाहिजेत. तीन दिवस पाणी लावू नका हा व्यवसायाचा नियम आहे; त्यासाठी फर्ज गुस्ल पुढे ढकलता येत नाही आणि नमाजही सोडता येत नाही. तयम्मुमचीही मुभा नाही, कारण सात हजार रुपये वाया जाणे हा शरीअतमध्ये आजार नव्हे.

मात्र डोक्याला जखम असेल, गळवे असतील, डॉक्टरांनी खरोखर पाणी वर्ज्य केले असेल तर हट्टही करू नये. प्रवासात एका सहाबींचे डोके दगडाने फुटले होते आणि त्यांच्यावर गुस्ल फर्ज झाला. सोबत्यांनी सवलत नाही असे सांगून त्यांना न्हायला लावले, त्यात ते मृत्यू पावले. प्रेषित (स.) यांना कळले तेव्हा ते फार संतापले, आणि ज्याला ठाऊक नाही त्याच्यावरचा इलाज विचारणे हाच आहे, असे त्यांनी सांगितले. ती आई विचारायला आली, हे तिने उत्तम केले. घाईने उत्तर देणारा मी होतो.

केस सरळ करणे हराम आहे काय, असे मला नंतर अनेकांनी विचारले. मी ते हराम म्हणणार नाही. त्यात फसवणूक नसेल, अपाय नसेल, परक्या पुरुषांपुढे मिरविणे नसेल तर बहुतेक आलिम याला साजशृंगाराच्या मर्यादेत धरतात. ज्यांना करायचेच आहे त्यांनी निदान नमाज माफ असलेल्या दिवसांत करावे, म्हणजे पाण्याचा प्रश्न फर्जच्या आड येणार नाही. पण अपायाची अट मी सहज लिहिलेली नाही. केस सरळ करण्याच्या काही द्रव्यांतून तापविल्यावर फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारक पदार्थांत गणले आहे. हे द्रव्य दिवसभर हाताळणारी पार्लरमधील कामगार मुलगीही कुणाची तरी लेक आहे. शिवाय हा इलाज फक्त बाहेर आलेल्या केसांवर चालतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि मुळातून पुन्हा कुरळाच येतो. म्हणजे दर काही महिन्यांनी पुन्हा तेच पैसे, तोच धूर.

मग कुरळ्या केसांचे करायचे काय? आमच्या घरी मी जे पाहिले आणि पत्नीकडून शिकलो ते सांगतो.

केस ज्या नळीतून उगवतो ती त्वचेत सरळ असेल तर केस सरळ येतो, वाकडी असेल तर वळत वळत येतो. डोक्याच्या त्वचेतून पाझरणारे नैसर्गिक तेल सरळ केसावरून आरामात शेंड्यापर्यंत उतरते. कुरळ्या केसावर त्याला प्रत्येक वळणावर अडखळावे लागते. म्हणून मुळाशी चिकटपणा आणि शेंड्याला कोरडेपणा, अशी या केसांची रीत आहे. गुंता, तुटणे, पिंजारणे या सगळ्या तक्रारी बहुतांशी या कोरडेपणातून निघतात. आणि आपण काय करतो? सकाळी सात वाजता, मकतबची वेळ झालेली, मूल अर्धवट झोपेत. आई बारीक दातांचा कंगवा घेते आणि कोरड्या केसांत वरून खाली ओढते. गुंता शेंड्याकडे जाऊन आणखी आवळतो. मूल रडते, आई चिडते, आणि "कुणावर गेलीय ही" हे वाक्य रोज त्या लहान कानांवर पडते. आमच्या घरी हे दोन वर्षे चालले. ओढणारा पुष्कळदा मीच होतो.

योग्य रीत उलटी आहे. कुरळे केस कोरडे विंचरायचेच नाहीत. ते ओले असताना, हाताला थोडे तेल किंवा कंडिशनर लावून, आधी बोटांनी आणि मग मोठ्या, विरळ दातांच्या कंगव्याने सोडवायचे. सुरुवात शेंड्यापासून, शेंडा सुटला की दोन बोटे वर, मग आणखी वर, मुळाशी शेवटी. उजव्या बाजूने आरंभ केला तर सुन्नतही अदा होते, कारण प्रेषित (स.) यांना केस विंचरण्यातही उजवीकडून आरंभ करणे आवडे. केस पुसताना खरखरीत टॉवेलने घासू नये; जुनी मऊ सुती ओढणी घेऊन दाबून पाणी टिपावे. न्हाण्याआधी दोन-तीन तास खोबरेल तेल लावून ठेवावे. हे तेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी झीज कमी करते. आपल्या आज्यांना याचे कारण ठाऊक नव्हते, पण रीत ठाऊक होती. रात्री सुती उशीवर केस घासून पिंजारतात, म्हणून गुळगुळीत रेशमी किंवा साटीनचा रुमाल बांधून झोपावे. रेशीम स्त्रियांना हलाल आहे; पुरुषांनी हेवा करू नये.

येथे एक गैरसमज दूर करणे मला फार आवश्यक वाटते. पुष्कळ भगिनींची समजूत आहे की प्रत्येक गुस्लमध्ये शाम्पू किंवा साबण लावला नाही तर पाकी होत नाही. असे मुळीच नाही. गुस्ल पाण्याने होतो. शाम्पू हा मळासाठी आहे आणि कुरळ्या केसांना तो आठवड्यातून एक-दोनदा पुरतो. विवाहित भगिनी या समजुतीपायी वरचेवर शाम्पू लावतात, केस गवतासारखे होतात आणि मग गुस्लचाच कंटाळा येऊ लागतो. ज्या दीनने तीन ओंजळींत सोय करून दिली त्यात ही अडचण आपण आपल्या हाताने भरली. केसांत तेल असेल तरी गुस्ल होतो, मेंदीचा रंग असेल तरी होतो. केसांवर खरोखर पापुद्रा धरणारे, पाणी अडविणारे काही असेल तेवढेच काढावे लागते.

हिजाबमुळे केस गळतात, असे काही मुली म्हणतात आणि घरचे मोठे त्यांच्यावर रागावतात. रागावू नये. ओढणीने केस गळत नाहीत, पण ओढणीखाली आपण जे करतो त्याने गळू शकतात. न्हाल्यावर केस ओले असतानाच कॉलेजची बस पकडायची म्हणून आवळून अंबाडा बांधला जातो आणि वर दोन पदर येतात. कोकणातल्या दमट हवेत ते दुपारपर्यंत वाळत नाहीत. वास येतो, खाज सुटते, कोंडा वाढतो. अंबाडा रोज एकाच जागी घट्ट ओढला तर कपाळावरची केसांची रेघ हळूहळू मागे सरकते, आणि हे वर्षानुवर्षे चालले तर ते केस परत येत नाहीत. उपाय साधे आहेत. आदल्या रात्री न्हावे, केस वाळल्यावरच झाकावेत, बांधणी सैल ठेवावी, तिची जागा बदलत राहावी, आतली टोपी सुती असावी आणि रोज धुवावी. घरी महरमांमध्ये असताना केस मोकळे सोडावेत. घरात झाकून ठेवण्याची सक्ती शरीअतने केलेली नाही. कोंडा असेल तर मात्र तेल थापत बसू नये. कोंड्याला कारण असणारी बुरशी त्या तेलावरच पोसते. औषधी शाम्पू डोक्याच्या त्वचेला लावून तीन ते पाच मिनिटे ठेवून धुवावा, आणि महिनाभरात गुण आला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावे.

उवांचे नाव काढले की मकतबमधील आया एकमेकींकडे संशयाने पाहतात. हजरत कअब बिन उजरा (रजि.) यांची आठवण ठेवा. हुदैबियाच्या वेळी, हिजरी ६ मध्ये, ते एहराममध्ये होते आणि डोक्यातून उवा चेहऱ्यावर गळत होत्या. प्रेषित (स.) यांनी त्यांना हिणविले नाही. हा त्रास होतो आहे काय असे विचारले आणि डोके मुंडण्याची मुभा दिली. बदल्यात तीन रोजे, किंवा सहा गरिबांना अन्न, किंवा एक कुर्बानी. सूरह बकराच्या १९६ व्या आयतीत जो आदेश आहे तो या प्रसंगी उतरला. एका माणसाच्या डोक्यातील उवांची दखल वहीने घेतली, तेथे एखाद्या मुलीला चटईच्या टोकाला एकटी बसविण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? उवा उडी मारत नाहीत. डोक्याला डोके लागले की सरकतात. औषध लावल्यावर लिखांतून नव्या उवा निघायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याने दुसऱ्यांदा औषध लावावे आणि मध्यंतरी ओल्या केसांत फणी फिरवावी. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. रॉकेल लावू नये. त्याने त्वचा भाजते आणि चुलीजवळ गेल्यास जीवाशी खेळ होतो.

केस गळण्याविषयी दोनच गोष्टी. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणे स्वाभाविक आहे. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी ओंजळीने केस गळतात. ते बहुधा आपोआप भरून येतात. त्या काळात बाळंतिणीला सासूने दृष्ट काढण्यापेक्षा रक्त तपासून घ्यायला न्यावे. पण काही वेळा केस परत येत नाहीत. प्रेषित (स.) यांच्याकडे एक आई आली होती. तिच्या मुलीचे लग्न ठरलेले, आजाराने केस झडलेले. परके केस जोडू का, असे तिने विचारले आणि तिला मनाई झाली. ही हदीस पढविताना आम्ही निकाल सांगतो आणि पुढे जातो. त्या आईच्या पोटात काय कालवले असेल, याचा विचार मी त्या शुक्रवारपर्यंत केला नव्हता. मनाई मानवी केस जोडून जे नाही ते भासविण्याला आहे. औषधाला नाही, डॉक्टरांना नाही, डोके झाकण्याला नाही. लोकरीच्या किंवा रेशमाच्या धाग्यांविषयी इमामांमध्ये मतभेद आहे. गरज असेल त्यांनी आपल्या मसलकच्या आलिमांना विचारावे. आणि त्या मुलीला कुणी काय बोलले असेल, तर त्याचा हिशेब वेगळा आहे.

तो हिशेब आता मांडतो, कारण दुखणे तेथे आहे. त्या वधूला पाहायला जी मंडळी आली होती त्यांतील एका वयस्क बाईंनी तिची ओढणी सारून म्हटले होते, "मुलगी चांगली आहे, केस तेवढे झिपरे." शाळेत तिला नूडल्स म्हणत. हे मला तिच्या आईने नंतर सांगितले. सूरह हुजुरातच्या ११ व्या आयतीत एकमेकांची टर उडविण्यास आणि टोपणनावे ठेवण्यास मनाई आहे, आणि तेथे स्त्रियांनी स्त्रियांची टर उडवू नये असे स्वतंत्रपणे सांगितले आहे. मुलगी पाहायला जाणे जाइज आहे. पसंत नसेल तर नकार देणेही जाइज आहे. ओढणी सारून तिच्या तोंडावर शेरा मारणे जाइज नाही.

सूरह रूमच्या २२ व्या आयतीत भाषांचे आणि वर्णांचे वैविध्य अल्लाहच्या निशाण्यांमध्ये सांगितले आहे. केसांचा उल्लेख तेथे नाही, पण बुखारीतील एका हदीसमध्ये तो जवळजवळ आहे. मनुक्यासारखे डोके असलेला हबशी तुमच्यावर अधिकारी नेमला गेला तरी त्याचे ऐका, असा तिचा आशय आहे. मनुक्याची उपमा त्या आखूड, आवळून कुरळ्या केसांसाठी आहे, असे काही भाष्यकारांनी लिहिले आहे. अरबांच्या नजरेला जे केस हलके वाटत, त्या केसांच्या माणसापुढे त्यांना मान लववायला सांगितले गेले. प्रेषित (स.) यांना लहानपणी सांभाळणाऱ्या उम्मे ऐमन (रजि.) हबशी होत्या आणि ते त्यांना आईच्या जागी मानीत. पहिली अजान देणारे हजरत बिलाल (रजि.) हबशी होते. आपल्या महाराष्ट्राला तर हे दुरून ऐकण्याचे कारणच नाही. हबशा देशातून गुलाम म्हणून आणलेल्या मलिक अंबरने खडकी वसविली, जी पुढे औरंगाबाद झाली. १६२६ मध्ये तो वारला आणि त्याची कबर खुलताबादला आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींनी या किनाऱ्यावर शतकानुशतके सत्ता चालविली. तसल्या केसांच्या सरदारांना आपल्या पूर्वजांनी मुजरे केले, आणि आज आपण आपल्या लेकीला तिच्या केसांवरून नाव ठेवतो.

तेव्हा, बेटी, तुझे केस असे का दिले, याचे कारण अल्लाह जाणतो. मी जाणत नाही. ते संकट म्हणून दिले असे मात्र त्याने कोठेही म्हटलेले नाही. त्यांचा मान राख एवढेच त्याच्या प्रेषितांनी सांगितले, आणि ते आम्ही मोठ्यांनी तुला शिकविले नाही.

मुहर्रममध्ये ती माहेरी आली तेव्हा आईसोबत आमच्या घरी आली होती. निकाहनंतर रविवारी फजरला ती रीतसर न्हाली, हे आईने मला आधीच कळविले होते. आता मुळाकडे दोन-तीन बोटे कुरळे केस आले होते आणि खाली जुना सरळ भाग, कोरडा आणि फाटे फुटलेला. हा खालचा भाग कापून टाकला तर चालेल काय, हा तिचा प्रश्न होता. मी सांगितले की प्रेषित (स.) यांच्या पत्नींनी केस कमी करून कानांपर्यंत ठेवल्याचे सहीह मुस्लिममध्ये आले आहे. पुरुषांची नक्कल नको, नवऱ्याशी बोलून घे, आणि खुशाल काप. मग मी तिला म्हणालो की त्या दिवशी मी दिलेले उत्तर चुकीचे होते.

ती म्हणाली, "मौलाना, मी ते घरी कुणाला सांगितलंच नव्हतं."

तेवढ्यात पत्नीने तिला आत बोलावले. अर्ध्या तासाने ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात आमच्या घरातला मोठ्या दातांचा कंगवा होता. आठवडी बाजारातून आता आम्हाला दुसरा आणावा लागेल.